शाफ्टला शाफ्ट जोडताना: कपलिंगची निवड, बसवणं आणि अलाइनमेंट

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका कारखान्यात कूलिंग टॉवरचा पंप होता. दहा हॉर्सपॉवरची मोटर आणि मध्ये स्पायडरवालं जॉ कपलिंग, म्हणजे दोन शाफ्टवर बसणारे दोन दातेरी हब आणि त्यांच्या दातांत बसणारा रबरासारखा पाकळ्यांचा तुकडा, स्पायडर. तीन महिन्यांत चार स्पायडर गेले होते. तिथला फिटर दांडिया बाजारातला, ओळखीतला मुलगा. मला म्हणाला, "काका, आधी काळे रबराचे टाकले, त्यांचा भुगा झाला. आता लाल टाकलाय, हा कडक असतो, टिकेल." गार्ड काढला तर बेस फ्रेमवर लाल भुकटी पडलेली.

कडक स्पायडर टाकल्यावर तो कदाचित आठवडाभर जास्त चालतो, पण मग बेअरिंग आणि शाफ्टजवळून पाणी गळू न देणारं मेकॅनिकल सील जायला लागतात. कपलिंग लवचीक आहे म्हणजे दोन शाफ्ट थोडे वाकडे असले तरी चालतं, ही समजूत मी बडोद्यात पंचवीस वर्षं ऐकतोय. कपलिंग वाकडेपणा सहन करतं हे खरं. पण सहन करताना ते प्रत्येक फेऱ्यात शाफ्टला बाजूने ढकलत राहतं, आणि तो जोर बेअरिंगवर जातो. स्पायडर जितका कडक, तितका हा जोर जास्त. कॅटलॉगमध्ये दिलेला वाकडेपणाचा आकडा म्हणजे कपलिंग किती सोसेल याची हद्द. तुमचं बेअरिंग किती सोसेल ते त्यात लिहिलेलं नसतं.

त्याच पंपाला धरून सगळी पद्धत सांगतो.

कुठे कोणतं कपलिंग

दोन शाफ्ट कायम एका रेषेत राहणार असतील तरच रिजिड कपलिंग, म्हणजे मफ किंवा बोल्टचं फ्लँज कपलिंग, वापरावं. लाइन शाफ्टला, व्हर्टिकल टर्बाइन पंपाला ते योग्य. आडव्या मोटर-पंपाच्या जोडीला रिजिड लावलं तर दोन्हीकडची बेअरिंगं एकमेकांशी भांडत बसतात आणि शेवटी शाफ्ट तुटतो, बहुधा कीवेच्या, म्हणजे हब शाफ्टवर घसरू नये म्हणून घालतात त्या पट्टीच्या (की) खाचेच्या, कोपऱ्यातून.

आपल्याकडच्या पंपांना आणि ब्लोअरला बहुतेक ठिकाणी जॉ कपलिंग दिसतं, ज्याला बाजारात सरसकट लवजॉय म्हणतात. लवजॉय हे मूळ अमेरिकेतल्या एका कंपनीचं नाव, ते आता वस्तूचंच नाव झालंय. स्वस्त, ग्रीस लागत नाही, आणि स्पायडर संपला तरी दोन्ही हबचे दात एकमेकांत अडकलेले राहतात, त्यामुळे मशीन खडखडत का होईना चालू राहतं. टायर कपलिंगचं उलट आहे. ते वाकडेपणा जास्त मवाळपणे घेतं, धक्के छान जिरवतं, पण टायर फाटला की जोडणी तिथेच सुटते. म्हणून टायर कपलिंग पंपाला उत्तम, पण वजन उचलणाऱ्या यंत्राला कधीही लावू नका.

पिन-बुश कपलिंग जुनं, मजबूत, आणि त्याची बुशं कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. कन्व्हेयर, क्रेनचा ट्रॅव्हल, ब्रेक ड्रम बसवायची जागा, इथे ते आजही बरोबर बसतं. जड आणि हळू कामासाठी, म्हणजे रोलिंग मिल किंवा मोठ्या गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टला, गिअर कपलिंग. त्यात एक गोष्ट हमखास चुकते: साधं बेअरिंगचं ग्रीस भरतात. गिअर कपलिंग फिरताना ग्रीसमधलं तेल आणि साबण वेगळे होतात, जड साबण बाहेरच्या बाजूला जाऊन दातांत बसतो आणि तेल दातांपर्यंत पोचतच नाही. त्यासाठी खास कपलिंग ग्रीस असतं, तेच घ्या. धक्क्यांच्या कामाला ग्रिड कपलिंग, जास्त वेगाला आणि जिथे ग्रीस नको तिथे स्टीलच्या पातळ पत्र्यांचं डिस्क कपलिंग. डिस्क कपलिंगला अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणणं, सगळ्यात काटेकोर लागतं, कारण पत्रे प्रत्येक फेऱ्यात वाकतात आणि थकून तुटतात.

शाफ्टमध्ये मुद्दामच कोन असेल तर युनिव्हर्सल जॉइंट. एकच जॉइंट लावला तर बाहेरचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेगावतो आणि दोनदा मंदावतो. म्हणून दोन जॉइंट लावायचे, दोन्हीकडे कोन सारखा आणि मधल्या शाफ्टचे दोन्ही योक, म्हणजे दुबेळकी टोकं, एका पातळीत. प्रोपेलर शाफ्ट काढून परत बसवताना योक एक खाच फिरून बसला की गाडी किंवा मशीन का थरथरतं, त्याचं उत्तर हेच.

रासायनिक कारखान्यांतल्या बॅक पुल-आउट पंपाला स्पेसर कपलिंग घ्या. मधला तुकडा, बहुधा १०० किंवा १४० मिमीचा, काढला की मोटर आणि पाइप न हलवता पंपाचा आतला भाग बाहेर येतो. नंदेसरीच्या बाजूला काम करताना हे स्पेसर किती तास वाचवतात ते मी पाहिलंय. स्पेसरशिवाय प्रत्येक सीलबदलाला मोटर सरकवावी लागते आणि प्रत्येक वेळी अलाइनमेंट पहिल्यापासून.

साइझ काढणं

टॉर्क म्हणजे ९५५० गुणिले किलोवॅट, भागिले आरपीएम. उत्तर न्यूटन-मीटरमध्ये येतं. आपली मोटर ७.५ किलोवॅट, १४५० आरपीएम. म्हणजे ४९.४ न्यूटन-मीटर. याला कामाच्या स्वरूपाप्रमाणे सर्व्हिस फॅक्टरने, म्हणजे धक्क्यांसाठी धरायच्या जादा आकड्याने, गुणायचं. सेंट्रिफ्यूगल पंप सौम्य, मी १.५ धरतो, कारण मोटर थेट लाइनवर सुरू होते आणि त्या क्षणी टॉर्क दुपटीच्या वर उडी मारतो. रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर किंवा क्रशर असेल तर फॅक्टर २ च्या पुढे जातो, तिथे उत्पादकाचा तक्ता बघितल्याशिवाय अंदाज करू नका. इथे ७४ न्यूटन-मीटर आलं.

पण पंपाच्या कामात साइझ बहुधा टॉर्क ठरवत नाही, बोअर, म्हणजे हबमधलं शाफ्टचं भोक, ठरवतो. ७.५ किलोवॅटची चार पोलची मोटर १३२ फ्रेममध्ये, म्हणजे मोटरच्या त्या ठरलेल्या आकारात, येते, तिचा शाफ्ट ३८ मिमी. ७४ न्यूटन-मीटरला पुरेल असं कपलिंग निवडलं आणि त्यात ३८ चा बोअर बसत नसेल, तर एक साइझ वर जावंच लागतं. हबची भिंत की च्या खाचेवर पातळ राहिली तर तो तिथूनच फुटतो.

बिडाच्या हबला वेगाची मर्यादा असते, कडेचा वेग साधारण सेकंदाला ३० मीटरपर्यंत. २०० मिमी व्यासाचा हब २९०० आरपीएमवर नेमका तिथेच पोचतो. त्याच्या वर स्टीलचा हब घ्या, आणि बॅलन्स केलेला.

स्पायडरच्या रंगावर फसू नका. पिवळा, लाल, काळा यांचा अर्थ प्रत्येक उत्पादकाकडे वेगळा असू शकतो. शोअर कडकपणा, म्हणजे रबर किती कडक त्याचा आकडा, विचारा. आणि तापमान वाढलं की स्पायडरची ताकद घटते. बडोद्याचा मे महिना, वर पत्र्याची शेड, शेजारी गरम पाण्याची लाइन, अशा जागी कॅटलॉगचा आकडा जसाच्या तसा धरायचा नाही.

हबचा बोअर आणि की

आपल्याकडे हब बहुधा कच्च्या बोअरचा विकत घेतात आणि जवळच्या टर्नरकडून बोअर मारून घेतात. माझ्या अनुभवात अर्ध्या तक्रारी इथेच जन्मतात. टर्नरला सांगा, हबची बाहेरची कड आणि तोंड एकाच पकडीत डायल (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापयंत्र) लावून सरळ कर, मगच बोअर कर. बोअर एच-७ मध्ये, म्हणजे मापातल्या फरकाच्या त्या ठरलेल्या मर्यादेत: ३८ ला शून्य ते ०.०२५ मिमी अधिक. मोटरचा ३८ चा शाफ्ट के-६ असतो, म्हणजे ०.००२ ते ०.०१८ अधिक. ही जोडी सहसा हाताने ढकलून सैलपणे जाणार नाही, आणि जायलाही नको. "जरा सैल ठेव, बसवायला सोपं" असं सांगून घेतलेला बोअर शाफ्टवर डोलतो, की चेचली जाते, आणि मग हब जागेवर धरणारा ग्रब स्क्रू आवळत बसावं लागतं.

३८ च्या शाफ्टला की १० बाय ८. शाफ्टमध्ये खोली ५, हबमध्ये ३.३ मिमी. की च्या बाजू घट्ट, डोक्यावर मात्र बारीक फट राहिली पाहिजे. की डोक्यावर घट्ट बसली तर हबला एका बाजूला उचलते. की ला टेपर घासून ठोकून बसवायची जुनी सवय इथेच नडते.

हब शाफ्टवर हातोड्याने मारू नका. हे मी प्रत्येक मुलाला सांगतो. प्रत्येक ठोका शाफ्टमधून मोटरच्या बेअरिंगमध्ये जातो आणि गोळ्यांचे ठसे रिंगवर उमटतात. ते बेअरिंग त्या दिवशी आवाज करत नाही, दोन महिन्यांनी करतं, आणि तेव्हा कोणाला हातोडा आठवत नाही. त्याऐवजी स्पायडर बाजूला ठेवून हब गरम करा. ३८ चा बोअर शंभर अंशांनी तापवला की सुमारे ०.०४ मिमी उघडतो, तेवढ्यात हब हाताने सरकतो. इंडक्शन हीटर असेल तर उत्तम, नसेल तर तेलात. गॅस कटरची ज्योत एकाच जागी धरायची नाही. शाफ्टवर तेलाचा हलका हात, की आधी बसवलेली, जाड हातमोजे, आणि किती आत जायचं त्याची खूण आधीच केलेली हवी. अर्ध्यावर थांबलात तर तो तिथेच आवळतो.

हब थंड झाला की त्याच्या कडेवर डायल लावून फक्त तोच शाफ्ट फिरवा. ०.०५ च्या वर फरक असेल तर हब परत टर्नरकडे.

अलाइनमेंटच्या आधी

प्रथम वीज. आयसोलेटर बंद, कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, आणि स्टार्ट बटण दाबून खात्री. डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद, नाहीतर वरच्या टाकीतलं पाणी मागे येऊन पंप उलटा फिरतो आणि बोटं हबमध्ये असतात.

कपलिंग सुटं असतानाच मोटरच्या फिरण्याची दिशा बघून घ्या. काही पंपांचा इंपेलर आट्यांवर बसलेला असतो, उलटं फिरलं की तो सुटून केसिंगवर आदळतो. जोडल्यावर दिशा तपासायला जाणं महागात पडतं.

मग मोटरचे पाय. चारही बोल्ट आवळा, पायाशी डायल लावा, एक बोल्ट सैल करा. पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त वर आला तर तो पाय अधांतरी आहे, त्याला सॉफ्ट फूट म्हणतात. बोल्ट आवळून तो खाली ओढला की मोटरची बॉडीच पिळली जाते. आपल्या पंपाच्या एका मागच्या पायाने ०.२२ दाखवलं. खाली बघितलं तर हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे सरकवलेले. ब्लेडवर रंग असतो, दात वाकवलेले असतात, दाबाखाली ते बसत राहतं. शिम म्हणजे स्टेनलेस स्टीलचा पत्रा, ०.०५ पासून १ मिमीपर्यंत, बोल्टसाठी खाच कापलेला, पायाच्या पूर्ण आकाराचा. एका पायाखाली तीन-चारच्या वर नको. बेस घासून गंज, रंग, जुनं ग्रीस काढा, मगच शिम.

आणि पाइप. हा भाग बहुतेक जण सोडून देतात. पंपाच्या हबवर डायल लावून सक्शन फ्लँजचे, म्हणजे पाणी आत आणणाऱ्या पाइपच्या जोडाचे, बोल्ट सैल केले, तर काटा ०.१८ मिमी सरकला. पाइप चार-पाच मिलिमीटर आखूड कापलेला होता आणि बोल्टांनी ओढून जोडलेला. म्हणजे पंप सतत त्या बाजूला वाकलेला. अशा पंपाची अलाइनमेंट कितीही वेळा करा, पाण्याच्या दाबाने आणि उन्हाने ती दर वेळी बदलणार. पाइप कापून पुन्हा वेल्ड करून घेतला, त्याला स्वतंत्र सपोर्ट दिला. त्या दिवशी कारखान्याच्या फोरमनला हे आवडलं नव्हतं, कारण अर्धा दिवस त्यातच गेला.

डायलने अलाइनमेंट

स्केल आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सुरुवात जरूर करा, पण तिथे थांबू नका. त्या मुलाने हबवर स्केल ठेवलं, उजेड दिसला नाही, हेल्पर म्हणाला, "साहेब, बराबर छे." डोळ्याला ०.१५-०.२० चा फरक सहज चुकतो. आपल्याला १५०० आरपीएमला ०.०५ च्या आसपास यायचं आहे, ३००० ला ०.०३.

मॅग्नेटिक स्टँड पंपाच्या हबवर. एक डायल मोटरच्या हबच्या कडेवर, दुसरा त्याच्या तोंडावर. स्टँडची दांडी लांब असेल तर ती स्वतःच्या वजनाने लवते. एका जाड सरळ पाइपवर तोच स्टँड लावून, वर शून्य करून खाली फिरवा. किती लवते ते कळतं, तो आकडा नंतर वजा करायचा. दोन्ही हबवर एक खूण करा आणि दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवा. दोन्ही एकत्र फिरले की हबच्या कडेचा खडबडीतपणा वाचनात येत नाही, कारण डायल कायम त्याच एका ठिपक्यावर असतो. एकच शाफ्ट फिरवून घेतलेल्या वाचनावर विश्वास ठेवू नका.

वर शून्य करा, मग घड्याळातल्या ३, ६, ९ च्या जागी वाचा. ३ आणि ९ ची बेरीज ६ च्या वाचनाइतकी यायला हवी. नाही आली तर काहीतरी सैल आहे, पुन्हा घ्या.

आपल्या पंपावर कडेच्या डायलने खाली ०.२० अधिक दाखवलं. अधिक म्हणजे डायलचा दांडा आत दाबला गेला, म्हणजे खालच्या बाजूला मोटरचा हब पंपाच्या रेषेच्या बाहेर आलाय. मोटर खाली आहे. डायल फरक दुप्पट दाखवतो, म्हणून प्रत्यक्षात मोटर ०.१० खाली. तोंडाच्या डायलवरून ८० मिमी व्यासावर वरची फट खालच्यापेक्षा ०.०८ ने जास्त निघाली. वर फट जास्त म्हणजे मोटरचं शेपूट खाली झुकलंय.

आता साधी त्रैराशिक. ८० मिमीला ०.०८. हबच्या तोंडापासून पुढच्या पायाच्या बोल्टपर्यंत १७० मिमी, म्हणजे ०.१७. मागच्या पायापर्यंत ३४८, म्हणजे ०.३५. यात दोन्हीकडे मोटर उचलायचे ०.१० मिळवा. पुढच्या दोन्ही पायांखाली ०.२७, मागच्यांखाली ०.४५. हातातल्या शिमांनी पुढे ०.२५ आणि मागे ०.४५ घातली. हा हिशोब कागदावर मांडला की शिम घाल, बघ, काढ, पुन्हा घाल, हा खेळ संपतो. मुलाने पहिल्यांदा स्वतः आकडे काढले तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता, ते मला अजून आठवतं.

आडवं सरकवायला मोटरला हातोड्याने मारू नका, बेस फ्रेमवर जॅक बोल्ट वेल्ड करून घ्या. एकदा घेतले की कायमची सोय. बोल्ट दर वेळी त्याच क्रमाने, तीन टप्प्यांत आवळा, आणि आवळल्यावरच वाचन धरा.

गरम द्रवाचा पंप असेल तर तो चालताना वर येतो. पायापासून शाफ्टपर्यंत २०० मिमी उंची आणि ५० अंश तापमानवाढ धरली तर सुमारे ०.११ मिमी. थंड असताना मोटर तेवढी वर ठेवावी लागते, अर्थात मोटर स्वतः किती तापते तेही वजा करून. कूलिंग टॉवरच्या पाण्याला याची गरज नव्हती.

दोन हबमधलं अंतर कॅटलॉगप्रमाणे ठेवा. स्पायडर दोन्ही हबमध्ये चेपून बसवला तर तो शाफ्ट मागे ढकलत राहतो. जोडल्यावर स्पायडर हाताने अर्धा-एक मिलिमीटर मागेपुढे हलला पाहिजे. ग्रब स्क्रू की च्या डोक्यावर, लॉकिंग द्रवाचा थेंब लावून.

गार्ड आणि पहिली सुरुवात

गार्डशिवाय एक मिनिटही चालवू नका. १९४८ च्या फॅक्टरी अधिनियमाच्या कलम २१ ने फिरते भाग झाकणं बंधनकारक केलं, पण मी कायद्यासाठी सांगत नाही. ढिला शर्ट, गळ्यातला गमछा, गुंडाळला जायला एक सेकंद पुरतो. गार्ड जाळीचा असेल तर न काढताही खालची भुकटी दिसते.

सुरू केल्यावर तासाभराने बेअरिंगांवर तापमान बघा. दुसऱ्या दिवशी बोल्ट पुन्हा तपासा, नवी शिम थोडी बसते. त्याच वेळी वाचन घेऊन वहीत तारखेसह लिहा.

झिजलेला भाग काय सांगतो

स्पायडरच्या सगळ्या पाकळ्या सारख्या झिजल्या असतील आणि बारीक भुकटी पडत असेल, तर वाकडेपणा. पाकळ्या एकाच बाजूने चेपल्या असतील, तर टॉर्क जास्त होतोय किंवा मोटर वारंवार चालू-बंद होतेय. रबर फुगून मऊ झालं असेल तर तेल किंवा सॉल्व्हंट लागतंय, तिथे स्पायडरचं मटेरियल बदला. कडक होऊन तडकलं असेल तर उष्णता. पिन-बुशमध्ये एकच बुश खाल्लेलं असेल तर त्या पिनेचं भोक इतरांच्या तुलनेत चुकीच्या जागी आहे. नवं बुश टाकून उपयोग नाही. गिअर कपलिंगमधून लालसर ग्रीस निघालं तर दात कोरडे घासतायत.

बडोद्यात बऱ्याच भागांत काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. हलक्या फाउंडेशनवरचे पंप तिच्याबरोबर थोडे हलतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर बुडालेल्या पंपांचं काम करताना अनेक ठिकाणी बेअरिंग बदलले, पण कपलिंग उघडून बघितलं नव्हतं. पाण्यात राहिलेल्या गिअर कपलिंगचं ग्रीस संपूर्ण धुऊन नवं भरावं लागतं, आणि हब-शाफ्टमध्ये गंज धरलेला असेल तर पुलर लावण्याआधी एक रात्र पेनिट्रेटिंग तेल मुरू द्यावं. मी अशा पंपांचं वाचन दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास घेतो, जमीन वाळू लागते तेव्हा.

कूलिंग टॉवरच्या त्या पंपाला आम्ही परत काळा, मऊ स्पायडरच टाकला. पुढच्या दसऱ्याला मुलाने गार्डची जाळी पुसून मला आत टॉर्च मारून दाखवला. बेस फ्रेमवर भुकटी नव्हती. मग त्याने स्वतः डायल लावला, खालचं वाचन ०.०६ आलं. दोनने भागून ०.०३ असं त्याने वहीत लिहिलं आणि शिमांच्या डब्याला हात लावला नाही.